तिसरी ओळ

ज्या वर्षी माझ्या मुलाला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी मी लग्न करायला निघाले होते. मला तेव्हा एकोणपन्नास पुरी झाली होती. मुली जानेवारीच्या आठ तारखेला झाल्या. लग्नाचं काय झालं ते सांगते.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत होते. नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्या महिन्यापासून मी तिथे लागले, त्याला एकवीस वर्षं झाली होती. लाँड्री तळघरात. चार यंत्रं, एक वाफेचा रूळ आणि भिंतींना कायम घाम. धुऊन वाळलेल्या चादरी वॉर्डाप्रमाणे वेगळ्या करायचं काम माझ्याकडे. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं एक अक्षर शिवलेलं असायचं, त्यावरून चादर कुठल्या वॉर्डाची ते कळायचं. मी ते अक्षर वाचत नव्हते. चेहरा ओळखावा तसं ओळखत होते. एकवीस वर्षांत माझ्या हातून एकही चादर चुकीच्या मजल्यावर गेली नाही.

ती अक्षरं शिवायचे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिंपी. लाँड्रीला लागून त्यांची खोली होती. खिडकी नाही, एक मशीन, एक दिवा आणि फाटक्या चादरींचा छातीएवढा ढीग. वय पंचावन्न. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माणूस बोलायला कमी, पण बोलला की टाचणी टोचल्यासारखं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका चादरीचा कोपरा माझ्यापुढे धरला.

"बाई, हे कोणतं अक्षर?"

"हाडवाल्यांचं."

"आणि हे?"

"लहान मुलांचं. त्याला शेपूट असतं."

मास्तर हसले नाहीत. हसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका चिंधीवर लाल दोऱ्यानं चार अक्षरं शिवून आणली. उठावाचे टाके होते, त्यामुळे बोट फिरवून अक्षर कळायचं. रोज जेवणानंतर वीस मिनिटं. सगळं अंगवळणी पडायला चौदा महिने लागले. मी आपणहून वाचलेली पहिली गोष्ट म्हणजे लिफ्टमधली पाटी. आठ माणसांकरिता, असं लिहिलं होतं. त्या लिफ्टमधून मी एकवीस वर्षं दहाबारा जणांबरोबर वरखाली करत होते. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "बघा, वाचता येत नव्हतं तोपर्यंत जिवाला घोर नव्हता."

वाचता येत होतं म्हणजे कसं, एक ओळ वाचायला मला जेवढा वेळ लागे तेवढ्यात मास्तरांची अर्धी चादर शिवून होई. सही मात्र झकास जमली होती. सहीखाली रेघ ओढायला त्यांनीच शिकवलं.

मग एके दिवशी मशीन चालू ठेवूनच ते म्हणाले, "सकाळी स्वतःच कुलूप लावायचं, संध्याकाळी स्वतःच उघडायचं. कंटाळा आला बुवा."

"मग लावू नका कुलूप."

"चोर येईल की."

"येऊ दे. तेवढीच सोबत."

"चोरापेक्षा तुम्ही या," ते म्हणाले, आणि मशीन थांबवलं.

तिसऱ्या दिवशी चादरींचा गठ्ठा ठेवताना म्हटलं, "दुसरी किल्ली करून घ्या."

जानेवारीच्या दोन तारखेला आम्ही नोंदणी कचेरीत गेलो. तिथला कारकून जाड भिंगाचा, सदा घसा खाकरणारा. आमची वयं लिहून घेताना त्यानं एकदा चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, सही की अंगठा?"

"सही," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.

"सुटलो. अंगठा देणाऱ्याला सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा असा नियम आहे. शेवटी त्याला समजलं का तेही विचारायचं. घसा बसतो माझा. सही करणाऱ्याला वाचता येतं असं धरून चालतात."

मी सही केली. खाली रेघ ओढली. कारकुनानं नोटीस काचेच्या फलकात लावली. तीस दिवस ती तिथे राहणार, मग आम्ही येऊन लग्नाच्या नोंदीवर सह्या करायच्या, एवढंच उरलं होतं.

घरी सांगायचं राहिलं होतं. सुनेचे दिवस भरत आले होते, म्हटलं बाळंतपण होऊ दे. आणि मुली महिनाभर आधीच आल्या. दोघींची वजनं दोन-दोन किलोही नव्हती. सूनबाई इतकी खचली की तिला उठून बसवत नव्हतं. मी रजा टाकली. एक रडायची थांबली की दुसरी सुरू. मुलगा गोदामातून कामावरून यायचा तो थेट पातेली घासायला बसायचा. त्याचेही हाल मी पाहत होते. अशात काय सांगणार? उद्या, परवा करत राहिले.

त्याला दुसऱ्याच माणसाकडून कळलं. त्याच्याबरोबरचा कुणी कचेरीत गेला होता, त्यानं फलक वाचला.

"आई, तू आम्हाला सोडून चाललीस हे मी लोकांकडून ऐकायचं?" तो दारातच म्हणाला. "कोण आहे हा?"

"आमच्याकडचे शिंपी. चांगला माणूस आहे."

"आणि तू ह्या वयात माप द्यायला गेलीस!"

माझ्या हातात मुलगी होती, ती झोपत आली होती.

"ह्या दोघींना कोण बघणार?" तो म्हणाला. आवाज फुटला होता त्याचा. "ही उठत नाही, मी कामावर. तू गेलीस तर मी काय करू, सांग ना."

"मी रोज येईन की रे."

"येशील! पाहुण्यासारखी!"

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मऊ होऊन आला. हातात एक टंकलेला कागद होता. म्हणाला, "बरं, कर तुझ्या मनासारखं. मुलाची हरकत नाही असं आईनं लिहून द्यावं लागतं म्हणे. इथे सही कर, मी नेऊन देतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागद हातात घेतला. बारीक अक्षर, ओळीला ओळ चिकटलेली. पहिली ओळ मी लावली, त्यात नुसतं माझं नाव आणि पत्ता होता. दुसरीला सुरुवात केली. तो एका मुलीला खांद्यावर थोपटत उभा होता.

"वाचता येतं ना आता तुला? मास्तरांनी पंडित केलंय म्हणे."

ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत त्याच्यासमोर बसायची मला लाज वाटली. मी ओठ मिटले. वाचणारी माणसं करतात तशी नजर कागदावरून भरभर खाली नेली, मान डोलवली आणि सही केली. खाली रेघ ओढली.

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की मी ही नोटीस स्वखुशीनं मागे घेत आहे.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला मास्तर स्वतः शिवलेला नवा सदरा घालून कचेरीच्या पायरीवर माझी वाट पाहत होते. कॉलरला हात लावून म्हणाले, "एक बाजू वर आली आहे, पण आता कोण बघतंय?" आम्ही आत गेलो. फलकात आमचा कागद नव्हता. तीस दिवस झाले म्हणून काढला असेल असं मला वाटलं.

कारकुनानं एक कागद पुढे सरकवला. "बाई, नोटीस मागे घेतल्याचा हा कागद. ही सही तुमचीच ना?"

माझीच होती. मास्तरांनी कागद उचलून वाचला. त्यांना वाचायला किती कमी वेळ लागायचा!

"हे तुम्ही वाचलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

मी कारकुनाकडे पाहिलं. तो खाकरला. "कुणी फसवून सही घेतली असेल तर तसं सांगा. कागद आणून देणाऱ्यावर तक्रार होईल. पुढचं पोलीस बघतील."

कागद कुणी आणला ते मला ठाऊक होतं. घरी अंथरुणाला खिळलेली सूनबाई, सव्वीस दिवसांच्या दोन मुली आणि त्यांच्या बापाला न्यायला आलेले पोलीस, एवढं सगळं त्या एका क्षणात मला दिसलं.

"वाचलं होतं," मी म्हटलं.

मास्तरांनी सहीवरून बोट फिरवलं. "रेघ सरळ आली आहे," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. कारकुनानं त्या कागदाची एक प्रत मला दिली. ती घडी करून मी पोलक्यात ठेवली.

घरी येऊन मुलाला म्हटलं, "मागे घेतली गेली म्हणे नोटीस." तो मुलीच्या तोंडात दूध सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "राहू दे ना आई आता." मी राहू दिलं. हे मी आजही स्वतःला विचारते, त्या दिवशी त्याच्या मुस्काटात का नाही मारली? पण तो त्या बाटलीवर वाकला होता, आणि त्याच्या केसांत बोटभर पांढरं दिसत होतं.

रजा संपली होती. दुसऱ्याच दिवशी मुलींना शेजारणीच्या भरवशावर ठेवून मी कामावर रुजू झाले. मास्तरांच्या दारात उभी राहिले. "मास्तर, माझं ऐका."

"चादरी ठेवा तिथे."

"दोन शब्द."

त्यांनी मशीन सुरू केलं. रिकाम्या सुईखाली नुसतं पायडल मारत होते, खाली कापडही नव्हतं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा जायची माझी हिंमत झाली नाही. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही होती. खरं कळलं असतं तर ते गप्प बसले नसते, मुलाला कचेरीत उभं केलं असतं. मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, राग निवळेल, मग सांगू. सगळं नंतर सांगायची माझी सवयच होती.

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला मशीनचा आवाज आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. रुळावरची बाई सांगत आली, "अगं, मास्तरांना आणलंय. आपल्याकडेच. तिसऱ्या मजल्यावर. उजवी बाजू गेली."

मी तशीच ओल्या हातांनी वर धावले. वॉर्डाच्या दारात सिस्टरनं हात आडवा केला.

"भेटायची वेळ चार ते सहा. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी लाँड्रीत..."

"ते दिसतंय. नातं काय?"

नातं काय! सोळा दिवसांपूर्वी कागदावर होणार होतं ते.

"ह्या वॉर्डात जवळच्या नातेवाइकांनाच सोडतात," ती म्हणाली. वाईट बाई नव्हती, तिच्यामागे वीस खाटा होत्या.

चारला त्यांचा पुतण्या आला. मी त्याचे हात धरले. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "काकांना नीट बोलता येत नाही. पण तुमचं नाव काढलं की मान भिंतीकडे वळवतात. दुसरा झटका कधीही येईल असं डॉक्टर म्हणतात. बाई, कशाला त्रास देता त्यांना?"

मी त्याला काय सांगणार होते? माझ्या मुलानं मला फसवलं, हे एका परक्या माणसाला?

पाच दिवस मी चार ते सहा त्या दाराबाहेर उभी राहिले. चादरींची गाडी घेऊन आत शिरायचा प्रयत्न केला, तर दारातच गाडी काढून घेतली. खाली तळघरात तिसऱ्या मजल्याचे गठ्ठे सोडताना माझे हात थांबायचे. त्यांतली एक चादर मास्तरांच्या अंगाखालची असणार, पण कुठली ते कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांवर एकच अक्षर, आणि तेही त्यांच्याच हातचं. मी सगळ्याच चादरी हातानं धुतल्या. मुकादम म्हणाला, "मावशी, यंत्र बंद पडलंय का?" मी म्हटलं, "हो."

एकच गोष्ट मनात घर करून बसली होती. हा माणूस असाच गेला तर मी विचार करून, वाचून, समजून त्याला नाही म्हटलं, असं समजून जाईल. माझं लग्न राहिलं बाजूला. एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

त्या पाच दिवसांत, जेवणाच्या सुट्टीतल्या त्या वीस मिनिटांत, मी पोलक्यातली प्रत काढून वाचत राहिले. बोट ठेवून, ओठ हलवून, जसं येतं तसं. कागद अकरा ओळींचा होता. पंचवीस तारखेला तो मला अथपासून इतिपर्यंत आला.

त्या संध्याकाळी मुलगा कामावरून आला. मी मुलींना त्यांच्या आईशेजारी ठेवलं आणि त्याला म्हटलं, "बस. मला कुणी वाचून दाखवला नाही हा कागद. आता मी वाचते, तू ऐक."

"आई, आता ते..."

"बस."

मी वाचायला लागले. अडखळत, एकेक अक्षर सोडवत. मुली रडायला लागल्या तरी थांबले नाही. तिसरी ओळ वाचायला मला किती वेळ लागला कोण जाणे. 'स्वखुशीने' ह्या शब्दाशी मी तीनदा अडले. तो खाली बघत होता. सातव्या ओळीला म्हणाला, "पुरे ना." मी आठवी सुरू केली. अकरावी संपली तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

आतून सूनबाईचा आवाज आला. तिला हे काहीच माहीत नव्हतं. "तुम्ही असं केलंत?" ती त्याला म्हणाली. "माझ्या नावावर हे पाप नको. उद्या आईंबरोबर जा. मुलींचं मी बघते. सरपटत का होईना, बघते."

सव्वीस तारखेला चार वाजता आम्ही दोघं वॉर्डाच्या दारात गेलो. पुतण्या उभा होता. माझ्या मुलानं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तोंड लपवलं नाही. पुतण्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हात उचलतो. पण तो सिस्टरकडे वळून म्हणाला, "हे आमच्या घरचेच आहेत. सोडा."

मास्तर फार लहान दिसत होते. तोंडाची एक बाजू खाली आलेली, उजवा हात चादरीवर वेगळा ठेवल्यासारखा पडलेला. मला बघून त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मुलगा खाटेच्या त्या बाजूला गेला आणि खाली बसला.

"काका, आईनं वाचलं नव्हतं. मी खोटं सांगून सही घेतली. तिनं मला वाचवायला कचेरीत तसं म्हटलं."

हळूहळू मास्तरांची मान माझ्याकडे आली. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"किती... ओळी?"

"एकच," मी म्हटलं. "पहिली. मग लाज वाटली."

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उशीत गेलं. मग म्हणाले, "आळशी."

मार्चच्या एक तारखेला पुतण्यानं त्या कारकुनाला इस्पितळात आणलं. नवी नोटीस. मास्तरांचा उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा ठरलं. कारकून माझ्याकडे वळला. "बाई, तुमची सही."

"माझाही अंगठाच घ्या," मी म्हटलं. "आणि वाचून दाखवा."

त्यानं चष्मा सारखा केला, घसा खाकरला आणि खाटेशेजारी उभा राहून सगळा कागद मोठ्यानं वाचला. शेजारच्या खाटांवरची माणसंही ऐकत होती. शेवटी त्यानं विचारलं, "समजलं?" मी म्हटलं, "समजलं." मास्तरांनी डावा हात उचलला. कारकून मला जाताना म्हणाला, "तीस दिवस मात्र थांबावं लागेल. ते माझ्या हातात नाही."

माझ्याही हातात नव्हतं. मुलगा रोज फलक बघून यायचा आणि मला सांगायचा, आहे, लागलेली आहे. मी रोज चार ते सहा आत बसायचे. सिस्टर आता काही विचारत नव्हती. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. एका बातमीला दोन दिवस लागायचे. ते म्हणायचे, "शिळी झाली." तिसरा आठवडा लागला तेव्हा बोलणंही बंद झालं. मी मनात दिवस मोजायचे, अजून पंधरा, अजून तेरा, आणि त्यांच्या छातीकडे बघत राहायचे. एवढंच देवाकडे मागत होते, की ह्या माणसाला एकतीसपर्यंत श्वास पुरू दे. एकोणीस तारखेला संध्याकाळी मी त्यांच्या डाव्या हातात त्यांच्या खोलीची दुसरी किल्ली ठेवली. ती पुतण्यानं त्यांच्या टेबलाच्या खणातून आणून दिली होती. खरंच करून घेतली होती त्यांनी. मास्तरांनी ती माझ्याच मुठीत परत घातली आणि मूठ मिटली.

मास्तर मार्चच्या वीस तारखेला सकाळी साडेनऊ वाजता, दुसऱ्या झटक्यानं गेले. वय पंचावन्न. तेव्हा आमची नोटीस लागून एकोणीस दिवस झाले होते.